नळ किती लागतील?

प्रश्न : ताई, मी इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये एमए करतेय, शेवटचं वर्ष आहे. युद्ध, पूर, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी जाऊन काम करायची खूप इच्छा आहे. यूएनमध्ये चाळीसेक अर्ज टाकले पण एकाचंही उत्तर नाही. अजून एखादी डिग्री करू का? आणि फ्रेंच शिकायला घेतलंय, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : अजून डिग्री? अजिबात नको, निदान आत्ता तरी नको. तुझ्या पत्रात इच्छा आहे, पण तुला नेमकं काय येतं ते कुठेच नाहीये, आणि तुझ्या सीव्हीतही बहुतेक हेच झालं असणार.

मी मुलाखती घ्यायचे तेव्हा एक साधा प्रश्न हमखास विचारायचे, समज उद्या सकाळी ५,००० माणसं एका माळावर येऊन बसली तर पाण्याचं काय करशील? गहिवरून बोलणारे पुष्कळ भेटले, कागद पुढे ओढून हिशेब मांडणारे अगदी मोजके. मदतकार्याचे किमान निकष देणारं स्फिअर हँडबुक या क्षेत्रातले सगळेच वापरतात, ऑनलाइन फुकट मिळतं, त्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरलंय, म्हणजे झाले ७५,००० लिटर. टँकर १०,००० लिटरचा असेल तर आठ खेपा. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणजे २० नळ. २० माणसांमागे एक संडास धरला तर २५०. इथपर्यंत कॅल्क्युलेटर पुरतो, खरी डोकेफोड पुढे आहे, पावसात टँकर त्या रस्त्याने येईल का, संडासात रात्री दिवा असेल का, नसेल तर बायका जातील का, आणि मुळात जागा ठरवताना त्यांना कुणी विचारलं होतं का.

तेव्हा एक कसब पकड. पाणी-स्वच्छता (सगळे त्याला वॉश म्हणतात), पोषण, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, मॉनिटरिंग, काहीही चालेल. अकाउंट्स म्हटलं की मुलं नाक मुरडतात, पण देणगीदाराला पै-पैचा हिशेब देणारा माणूस प्रत्येक संस्थेला लागतोच. मग जवळच्याच एखाद्या छोट्या संस्थेत दोन वर्षं काढ, कोबोवर (माहिती गोळा करायचं ऑनलाइन साधन) सर्व्हेचा फॉर्म बनव, लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायची मापं यांचा तक्ता) लिही, मालाची यादी जुळत नाही म्हणून रात्री गोदामात पोती मोज. सीव्हीत असं काही दिसलं की वाचणारा थांबतो.

चाळीस अर्जांचं मनाला लावून घेऊ नकोस, सध्या काळच वाईट आहे. १९६१ पासून चालू असलेली अमेरिकेची सरकारी मदतसंस्था यूएसएड २०२५ मध्ये बंद केली, इतर देणगीदारांनीही हात आखडता घेतला, त्यामुळे दहा-दहा वर्षं अनुभव असलेली माणसंही तू अर्ज करतेस त्याच जागांसाठी रांगेत आहेत. तरी यूएनच्या स्वयंसेवक योजनेत, यूएन व्हॉलंटियर्सवर, नाव नोंदव, रिलीफवेब या मदतकार्याच्या वेबसाइटवरच्या नोकरीच्या जाहिराती रोज चाळ. यूएनमध्ये तरुणांच्या भरतीसाठी असलेल्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमच्या परीक्षेला ३२ वर्षांची मर्यादा आहे आणि कोणत्या देशांचे उमेदवार बसू शकतात ते दरवर्षी बदलतं, तेवढं बघून घे. यूएन सचिवालयाच्या इंटर्नशिपमध्ये पगार मिळत नाही, राहण्या-खाण्याचा खर्च आपलाच, तो झेपत असेल तरच त्या वाटेला जा. आणि नोकरीसाठी कुणी प्रोसेसिंग फी मागितली तर सरळ ब्लॉक कर, यूएन भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही.

फ्रेंच मात्र सोडू नकोस! पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत पदोपदी लागतं. पण सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस, टँकरवाल्याशी भांडता येईल एवढं बोलायला शीक.

आता गृहपाठ. ५,००० च्या जागी १२,००० माणसं आली आणि टँकरच्या दिवसाला पाचच खेपा होतायत. पहिल्या दिवशी पाणी कुणाला, किती, कशासाठी देशील, ते मला लिहून पाठव.