न्यूयॉर्कच्या महापौरांनी ठरवूनही स्पेशलाइज्ड हायस्कूलची प्रवेश परीक्षा रद्द का झाली नाही?

कारण तो अधिकार त्यांच्याकडे नव्हताच. स्पेशलाइज्ड हायस्कूल म्हणजे शहराच्या निवडक, नावाजलेल्या सरकारी शाळा. मी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहतो, मुलीने ही परीक्षा दिली आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

त्यांतल्या स्टायव्हेसन्ट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांमध्ये फक्त या परीक्षेवर प्रवेश, असा राज्याचा १९७१चा कायदा आहे. त्याचा जन्मही राजकारणातलाच. परीक्षेत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांवर अन्याय होतो का, हे तपासायची भाषा शहराच्या शिक्षणप्रमुखांनी केली, तर हेक्ट आणि कॅलॅन्ड्रा या शहराच्या ब्राँक्स भागातल्या आमदारांनी राज्याची राजधानी ऑल्बनीत कायदाच करून टाकला. तेव्हापासून शहराला काही बदलायचं तर ऑल्बनीच्या पाया पडावं लागतं.

जून २०१८मध्ये महापौर बिल डी ब्लासिओंनी परीक्षेऐवजी प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या साधारण ७ टक्के मुलांना प्रवेश द्यायची योजना मांडली. दुखणं खरंच होतं. २०१९ला स्टायव्हेसन्टने ८९५ जणांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय फक्त ७. पण ज्यांची मुलं जवळपास निम्म्या जागा मिळवतात, त्या आशियाई समाजाला कुणी विचारलंच नाही. वर शिक्षणप्रमुख कारान्झा म्हणाले, या शाळांचा प्रवेश कुठल्याही एका समाजाच्या मालकीचा नाही. झालं! आमच्या भागात टॅक्सी चालवून मुलांच्या शनिवार-रविवारच्या क्लासची फी भरणारे बाप आहेत. त्यांना हे ‘मालक’ ठरवणार. क्वीन्सचे राज्य सिनेटर जॉन लिऊ महापौरांच्याच पक्षाचे, पण समाजाला डावलल्याबद्दल त्यांनीही सुनावलं. अब्जाधीश रोनाल्ड लॉडर, ब्राँक्स सायन्सचे माजी विद्यार्थी, यांनी परीक्षा वाचवायच्या मोहिमेत पैसा ओतला. २०१९ला कायदा बदलायचं विधेयक ऑल्बनीच्या सभागृहात मतदानालाही आलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. परीक्षेवर चालणाऱ्या बाकीच्या पाच शाळांची नावं त्या कायद्यात नाहीत, तिथे शहराला स्वतःहून बदल करता येतो असं बरेच जण सांगत होते. ते डी ब्लासिओंनी केलं नाही. ऑल्बनीकडे बोट दाखवणं सोपं पडलं असावं.

एरिक ॲडम्स तेव्हा ब्रुकलिनचे बरो प्रेसिडेंट, म्हणजे शहराच्या त्या विभागाचे निवडून आलेले प्रमुख होते. त्यांनी आधी योजनेला पाठिंबा दिला. आशियाई मतदार खवळल्यावर काही आठवड्यांतच ते मागे सरले. २०२१ला तेच महापौर म्हणून निवडून आले आणि परीक्षेला त्यांनी हात लावला नाही.