वाचकांचे प्रश्न : व्हेनिसचे राब्बी लिओने मोदेना

प्रश्न : राब्बी (ज्यू धर्मगुरू) मोदेना (१५७१–१६४८) यांच्या घरातल्या इतक्या खासगी गोष्टी कळतात कशा? थोरल्या मुलाचा जीव किमयेपायी, म्हणजे हलक्या धातूचं सोनं-चांदी करण्याच्या खटाटोपात गेला, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. त्यांनी हिब्रूत आत्मचरित्र लिहायला घेतलं तेच हा मुलगा, मोर्दखाय, गेल्यावर. त्यात झाकपाक नाही. जुगारात पैसा जाई, म्हणून शिकवण्या, प्रवचनं, मुद्रितं तपासणं, सोयरिकी जुळवणं, ताईत करून विकणं अशा २६ उद्योगांची यादी त्यांनी स्वतः दिली आहे. एस्तेर या मावसबहिणीशी लग्न ठरलं होतं. १५९० मध्ये ऐन लग्नाच्या वेळी ती वारली आणि तिचीच बहीण राहेल घरात आली.

मोर्दखायने १६१४ च्या अखेरीस एका पाद्र्याबरोबर किमया सुरू केली आणि पुढे घेट्टोतच (ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत) भट्टी थाटली. नऊ औंस शिसं, एक औंस चांदी. एका खेपेला अडीच महिने. दहा औंस चांदी निघाली, ती कसाला उतरली, असं बाप लिहितो. हा कस लावताना हाडांच्या राखेच्या मुशीत धातू तापवतात. शिशाचं भस्म होऊन मुशीत मुरतं आणि वर फक्त चांदीचा मणी उरतो. शिशाची चांदी होत नाही. तेव्हा जास्तीची नऊ औंस चांदी बाहेरूनच आत आली असणार, असं माझं मत. १६१५ मध्ये मुलाच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. बापाने दोष दिला तो सोमल (आर्सेनिक) आणि क्षारांच्या धुराला. बंद जागेत महिनोन् महिने तो धूर छातीत जात असेल, तर हे निदान पटण्यासारखं आहे. १६१७ मध्ये, २६ व्या वर्षी, तो गेला. पुढे १६२२ मध्ये आणखी एका मुलाचा, झबुलूनचा, खून झाला.

प्रश्न : या घराण्यातल्या तारखांत एका वर्षाचा फरक का दिसतो?

उत्तर : इसवी सन काढताना हिब्रू सालातून सरसकट ३७६० वजा केल्यामुळे. ज्यूंचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करायचे. मोर्दखाय ५३७८ च्या हेश्वान महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरात वारला. म्हणून १६१७, १६१८ नव्हे. व्हेनिसच्या सरकारी कागदांत आणखी एक अडचण आहे. तिथलं वर्ष १ मार्चला बदले, त्यामुळे कागदावरचा ‘फेब्रुवारी १६२९’ आपल्या हिशेबाने १६३० चा.