रक्ताचा कॅन्सर भावकीत चालतो का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. आमच्या भावकीत लागोपाठ दोघांला ब्लड कॅन्सर निघाला. चुलत सासरे 63 वर्षाचे, कंबर दुखते म्हणून वर्षभर मणक्याच्या गोळ्या खाल्ल्या, शेवटी निघाला मायलोमा. आन् जावेचा पोरगा 4 वर्षाचा, त्याला ए.एल.एल. सांगितलंय, संभाजीनगरला ट्रीटमेंट चालू आहे. आता गावात बोलायलेत की ह्यांच्या रक्तातच आहे म्हणून, नणंदेच्या सोयरिकीची बोलणी पण थांबली. मोबाईलवर बघितलं तर लिहिलंय की मायलोमा अमेरिकेतल्या काळ्या लोकांत डबल असतो आणि आशियातल्या लोकांत कमी. मग आमच्यात कसा आला? एखाद्या समाजात जास्त आणि एखाद्यात कमी असं खरंच असतं का?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : ताई, आधी सोयरिकीचं बोलू, बाकीचं नंतर. ह्या दोन आजारांपायी सोयरीक थांबवायचं काहीच कारण नाही, पाहुण्यांला बिनधास्त सांगा. सासऱ्यांचा आणि पोराचा आजार, दोन्हीला ब्लड कॅन्सर म्हणत असले तरी ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. मायलोमा प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे हाडाच्या मगजात राहून जंतूंशी लढणारं प्रोटीन बनवणाऱ्या पेशींचा, उतारवयातला, हाडं पोखरतो, किडनीवर जातो. ए.एल.एल. हा ल्युकेमिया, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, लहान लेकरांचा, 2 ते 5 वर्षाच्या वयात सगळ्यात जास्त दिसतो, आणि नीट ट्रीटमेंट मिळाली तर श्रीमंत देशांत दहातली नऊ लेकरं बरी होतात. आपल्याकडं आकडा खाली येतो तो बऱ्याचदा ट्रीटमेंट मधेच सोडल्यामुळं, म्हणून जावेला सांगा की पोरगं खेळायला लागलं तरी दोन-अडीच वर्षाचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

घरात एकाला मायलोमा असला तर सख्ख्या नात्यात धोका साधारण दुप्पट होतो हे खरंय. पण दुप्पट कशाच्या ते बघा. भारतात मायलोमा वर्षाला लाखात साधारण एकाला होतो, म्हणजे 2011 च्या जनगणनेनं जवळपास 26 लाखाचा तुमचा अख्खा बीड जिल्हा धरला तरी वर्षाला पंचवीस-तीस जण. त्याची दुप्पट म्हणजे लाखात दोन, आणि तेही सख्ख्या नात्यात, पुतणीचा तर नंबर अजून लांब. ए.एल.एल. मधे भावंडांना धोका किंचित वाढतो, इतका किंचित की त्यावरून कुणाचं लग्न अडवणं म्हणजे निव्वळ गावगप्पा. एकच अपवाद आहे, एका वारेवरची हुबेहूब जुळी, कारण पोटात असतानाच एकाच्या बिघडलेल्या पेशी वारेतून दुसऱ्याकडं जाऊ शकतात. तुमचा पोरगा जुळा नाही असं धरतो.

आता मोबाईलवरचं. ते खोटं नाही. अमेरिकेत आफ्रिकन वंशाच्या लोकांत मायलोमा गोऱ्यांच्या दुपटीनं दिसतो, आणि मायलोमाच्या आधीची जी अवस्था असते, जिच्यात त्रास काहीच नसतो पण रक्तात एक जादा प्रोटीन सापडतं, तीही तिथल्या काळ्या लोकांत आणि आफ्रिकेत घानामधे तपासली तेव्हा जास्तच निघाली. म्हणजे त्यात वंशाचा थोडा हात आहे. पण "आशियात कमी" ह्याचा अर्थ "आशियात नाही" असा नसतो ना. लाखात एक म्हणलं की तो एक कुणाच्या तरी घरातला असतोच.

शिवाय असले आकडे वाचताना दोन गोष्टी माणूस इसरतो. एक म्हणजे वय. आपल्या देशात अर्धी जनता तिशीच्या आतली, अमेरिकेत म्हातारी माणसं कितीतरी जास्त, मग म्हातारपणाचा आजार तिकडं जास्त दिसणारच. सी.एम.एल. नावाचा ल्युकेमिया घ्या, तिकडं पेशंटचं सरासरी वय साठीच्या पुढं, आपल्याकडं पस्तीस-चाळीस, आणि लोक लगेच म्हणतात भारतीयांला लवकर होतो. त्यातला बराच भाग इतकाच की आपल्याकडं तरुण माणसंच जास्त आहेत. म्हणून जाणकार मंडळी वयाचा फरक काढून टाकून मगच दोन देशांची तुलना करतात, मोबाईलवरच्या बातमीत ते बहुतेक गाळलेलं असतं.

दुसरं म्हणजे मोजतं कोण. तुमच्या सासऱ्यांचंच बघा, वर्षभर कंबरदुखी म्हणून चाललं. त्या वर्षात किडनी जाऊन काही बरंवाईट झालं असतं तर गावानं "किडनी फेल" म्हणलं असतं आणि मायलोमाच्या हिशोबात ते आलेच नसते. असे किती गेले असतील. देशातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवणारं ऑफिस, मुंबईला 1963 मधे सुरू झाली, पण खेड्यातला कॅन्सर पद्धतशीर मोजायला 1987 उजाडलं, तेही आपल्या शेजारी बार्शीत. बार्शी, परांडा, भूम ह्या तालुक्यातल्या गावोगाव रजिस्ट्रीची माणसं जायची, लोकांत बसून कुणाला गाठ आहे का, कुणाला अंगावरून जातंय का विचारायची, संशय आला तर तपासणीला पाठवायची. दवाखान्यात टेबलाशी बसून पेशंटची वाट बघितली असती तर खेड्यातले निम्मे सापडलेच नसते असं माझं मत आहे. पुढं धाराशिव आणि बीड जिल्ह्याचीही मोजणी सुरू झाली. तरीपण रक्ताचा कॅन्सर मोजणं गाठीपेक्षा अवघडच, तो बाहेरून दिसत नाही, बऱ्याचदा बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासल्याशिवाय पक्कं होत नाही आणि ती सोय तालुक्याला नसते.

समाजासमाजात खरे फरक असतात का, तर असतात, पण कारण दर वेळी रक्त नसतं. सी.एल.एल. हा पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांचा सगळ्यात कॉमन ल्युकेमिया, भारतात आणि जपानात मात्र कमी, आणि जपानी लोक अमेरिकेत जाऊन राहिले तरी त्यांच्यात तो कमीच राहिला, म्हणजे इथं अनुवंशाचा हात दिसतो. आता उलटं बघा. जपानच्याच दक्षिणेला क्युशू बेटावर एक वेगळाच ल्युकेमिया जास्त सापडायचा, 1977 मधे जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. कुणालाही वाटलं असतं की त्या लोकांचं रक्तच तसलं. पण निघाला एच.टी.एल.व्ही.-1 नावाचा व्हायरस, जो आईच्या दुधातून लेकराला जातो आणि मग चाळीस-पन्नास वर्षांनी एखाद्यालाच कॅन्सर करतो. घराण्यात चालतो असं दिसायचं ते म्हणून. नागासाकीत 1987 पासून गरोदर बायांची तपासणी करून, व्हायरस निघाला तर बाळाला वरचं दूध द्यायचा सल्ला द्यायला लागले आणि पुढच्या पिढीतला संसर्ग बराच खाली आला. आफ्रिकेतला बर्किट लिम्फोमा तसाच, लेकरांच्या जबड्याला येणारी गाठ, डेनिस बर्किट ह्या सर्जननं युगांडात काम करताना 1958 मधे त्यावर लिहिलं. तो मलेरियाच्या पट्ट्यात जास्त, कारण मलेरिया आणि ई.बी.व्ही. व्हायरस दोन्ही मिळून तो घडवतात.

प्रश्न : आमच्याकडं सिकलसेलचे पेशंट लई आहेत. हा पण ब्लड कॅन्सरच का? पुढं कॅन्सर होतो का?
– ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : नाही. सिकलसेल कॅन्सर नाही, तो हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष आहे आणि आईबापाकडूनच येतो. वरच्या ताईंला सोयरीक थांबवू नका म्हणलो, तुम्हाला मात्र सोयरिकीआधी तपासणी करा असंच सांगेन. दोघं वाहक असले, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही असे, तर दर बाळंतपणात चारातल्या एका लेकराला आजार होण्याची शक्यता असते, एकच वाहक असला आणि दुसऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल असला तर लेकराला आजार होत नाही, फार तर ते वाहक होतं. त्यामुळं वाहक निघाला म्हणून पोराला किंवा पोरीला नाकारू नका, फक्त समोरच्याचीही टेस्ट करून घ्या. सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते, त्यात काही आलं तर इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एच.पी.एल.सी. ही पक्की टेस्ट करतात, रिपोर्टवर "ए.एस." लिहिलं तर वाहक आणि "एस.एस." लिहिलं तर पेशंट.