दिवा लागला, हे अ‍ॅपने केव्हा सांगावे?

प्रश्न : आम्ही मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा, इंटरनेटला जोडलेला दिवा तयार करत आहोत. अ‍ॅपच्या पडद्यांचा नमुना चाचणीत सर्वांना आवडला. मात्र ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डावर बांधलेले उपकरण हाताळताना लोक तेच बटण पुन्हापुन्हा दाबू लागले आणि लागलेला दिवा विझू लागला. पडद्यांची रचना बदलावी का? आणि बाहेरच्या आवरणाचा साचा आताच करायला द्यावा का?

उत्तर : केवळ पडद्यांची मांडणी बदलून हा दोष जाणार नाही. आपल्या नमुन्यात बटण दाबताच दिव्याचे चित्र उजळत असणार. प्रत्यक्षात तो आदेश मोबाइलवरून सर्व्हरकडे, तेथून राउटरमार्गे बोर्डाकडे जातो आणि दिवा लागल्याची पोच त्याच वाटेने परत येते. साधारण ०.१ सेकंदात मिळालेला प्रतिसाद माणसाला तत्काळ वाटतो आणि १ सेकंदापर्यंत विचारांचा ओघ तुटत नाही. त्याहून उशीर झाला आणि पडदा गप्पच राहिला, की बोट पुन्हा बटणाकडे वळते. त्यातच आपला आदेश बहुधा ‘आहे त्याच्या उलट करा’ असा असावा, म्हणून तो दोनदा पोचला की लागलेला दिवा विझतो. त्याऐवजी ‘चालू करा’ आणि ‘बंद करा’ असे स्वतंत्र आदेश ठेवावेत, म्हणजे एकच आदेश कितीही वेळा पोचला तरी बिघडत नाही. बटणाने दाबताक्षणी ‘आदेश पाठवला’ एवढेच सांगावे. ‘दिवा चालू आहे’ हे बोर्डाची पोच आल्यावरच दाखवावे. या दोन अवस्था वेगळ्या ठेवणे हा अशा उपकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

यापुढची चाचणी मुद्दाम विलंब घालूनच घ्यावी. त्यासाठी बोर्डाचीही गरज नाही. आडोशाला बसलेल्या सहकाऱ्याने कधी लगेच, कधी ३ सेकंदांनी साधा दिवा लावला तरी पुरते. बोललेले ऐकून टंकलेखन करणारे यंत्र अस्तित्वात नसताना आयबीएमच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी लपून बसलेल्या टंकलेखकाच्या मदतीने अशीच चाचणी घेतली होती. मग दिव्याचा वीजपुरवठा अचानक तोडून पाहावा. आपण एमक्यूटीटी (उपकरणांमध्ये छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरत असाल आणि ‘कीप अलाइव्ह’ (उपकरणाने संपर्क चालू असल्याची खूण देण्याची कमाल मुदत) ६० सेकंद ठेवले असेल, तर ब्रोकर, म्हणजे संदेश पोचवणारा मधला सर्व्हर, त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद, वाट पाहूनच संपर्क तुटल्याचे मानतो. तोवर बंद पडलेला दिवा अ‍ॅपमध्ये ‘जोडलेला’ दिसत राहील, तेव्हा त्या मधल्या काळात पोच न आलेल्या आदेशाचे काय दाखवायचे, हे आधीच ठरवावे लागेल.

साचा मात्र इतक्यात करायला देऊ नये. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स आकार ठरवण्यासाठी लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन वावरत असत. आपणही पुठ्ठ्याचे किंवा त्रिमितीय छपाईचे आवरण काही दिवस वापरावे. राउटर बंद असतानाही दिवा हाताने लावता यायलाच हवा, आणि त्यासाठीचे बटण अंधारात चाचपून सापडेल अशी जागा त्या आवरणावर निश्चित झाली, की साच्याचे काम हाती घ्यावे.