पाजवणे, पाजळणे, परजणे

प्रश्न असा: "घरातल्या सुऱ्या आणि दाढीचा वस्तरा परजायला दगड घ्यायचा आहे. दोन्हींना एकच चालेल का? आणि त्या दगडाला मराठीत काय म्हणतात?"

आधी ते 'परजणं' सोडा. हत्यार हातात धरून पवित्र्यात फिरवणं म्हणजे परजणं. तलवार परजतात तेव्हा तिला धार आधीच लावलेली असते. 'शस्त्रे परजली' असं मथळ्यात वाचून लोक त्याचा अर्थ धार लावली असा घेतात, आणि आता सुऱ्यासुद्धा परजू लागले आहेत. हे कानाला फार खटकतं.

धार लावण्यासाठी आपला खरा शब्द पाजवणे. विळा पाजवतात, कोयता पाजवतात. काही जाणकार त्याला 'पाजळणे'चंच झिजलेलं रूप मानतात आणि दोन्ही 'प्रज्वलन'च्या खात्यात टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. दिवा पाजळतात, अक्कल पाजळतात. तिथला ळ ज्वलनातला आहे, तो जागचा हललेला नाही. मग पाजवणेतला ळ कुठे गेला? अक्कल पाजवली असं कुणी म्हणतं का? दोन शब्द जवळ आले, अर्थ एकमेकांत सांडले, एवढंच.

माझ्या मते पाजवणेचं मूळ पाजणे, म्हणजे पिऊ घालणे. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात त्याला आपण पाणी देणं, पाणी पाजणं म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शस्त्रांच्या या संस्काराला 'पायना' हाच शब्द आहे, आणि ती 3 प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाड कापायचं शस्त्र क्षार प्यालेलं, मांस कापायचं पाणी प्यालेलं, शीर टोचायचं तेल प्यालेलं! पाणी नीट चढलं नसेल तर लावलेली धार टिकत नाही. म्हणून लोहाराच्या भट्टीतला शब्द दगडावर आला, असं मी धरतो.

त्याच अध्यायात पुढे 'निशाना'साठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे. हे निशान म्हणजे झेंडा नव्हे. संस्कृतातला 'शो' धातू म्हणजे धार करणे, त्यावरून निशित, निशान, आणि आपला निसणा. तुमच्या दगडाचं नाव हेच. सहाणही चालेल, ती 'शाण'वरून आली. पण सहाण म्हटलं की आता चंदनच डोळ्यांपुढे येतं.

राहिला एकच दगड चालेल का हा प्रश्न. सुरीला साधारण 1000 नंबरचा निसणा पुरतो. वस्तऱ्याला त्यावर थांबून चालत नाही. 8000 च्या आसपासच्या बारीक दगडापर्यंत जावं लागतं, आणि शेवटी चामोटीवर, म्हणजे न्हाव्याच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढावा लागतो. उलटा ओढलात तर चामडंही कापेल आणि धारही जाईल. सुश्रुतात चामोटीच्या जागी सावरीच्या लाकडाची फळी आहे, धार राखण्यासाठी. शस्त्र तयार झालं की नाही याची खूणही तिथेच दिली आहे: 'रोमच्छेदि', म्हणजे केस कापणारं. वस्तरा पाजवणारे आजही हातावरच्या लवेवर हीच परीक्षा घेतात.