वडिलांची १९८९ सालची बुलेट बारा वर्षं पडवीत उभी आहे. दुरुस्त करून तिच्यावर गोव्याला जाता येईल का, की विकून टाकू?

तुम्ही लिहिलंय की गाडी कराडजवळ गावी आहे, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, मेकॅनिकमधलं ओ की ठो कळत नाही, आणि एका गॅरेजवाल्याने "तीस हजारांत नव्यासारखी करून देतो, लगेच गोव्याला जा" असं सांगितलंय. जाता येईल. फक्त त्या वाक्यातला "लगेच" काढून टाका.

मी साताऱ्याचा. १९८६ ची साडेतीनशे सीसीची बुलेट गेली एकोणीस वर्षं वापरतोय. आमचा आठ-नऊ जणांचा गट आहे, बहुतेक जुन्या बुलेट, दोन येझदी. या एकोणीस वर्षांत गाडीने मला रस्त्यात सहा वेळा उभं केलं. त्यातल्या पाच वेळा जे बिघडलं ते आठवडाभर आधीच नवीन बसवलेलं होतं. गाडी जुनी म्हणून बंद पडते असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की परवा कुणीतरी हात लावलेला असतो म्हणून पडते.

एक प्रसंग सांगतो. गुहागरला निघायच्या आदल्या दिवशी गाडी ऑइल बदलायला गॅरेजात टाकली. तिथल्या पोराने "लांब निघालाय, तर पॉईंट-कंडेन्सर नवीन टाकून देतो" म्हणून दोन्ही बदलले. (पॉईंट म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करत, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी जोडी. कंडेन्सरचं पुढे येतंच.) गाडी आधी छान चालत होती, तरी मी हो म्हणालो. जाताना काही झालं नाही. परतीला मे महिन्यातली दुपार, चिपळूण मागे पडलं, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी फटफट करून बसली. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला सुरू, अर्धा किलोमीटर गेलं की पुन्हा तेच. मला वाटलं पेट्रोल येत नाहीये. टाकीचं झाकण उघडं ठेवून बघितलं, कार्बोरेटरचा बाउल काढून बघितला, सगळं साफ.

आमच्यातले आबा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेत. त्यांनी काही न बोलता पॉईंटचं झाकण काढलं, सावलीसाठी स्वतःचा टॉवेल डोक्यावरून गाडीपर्यंत ओढला आणि मला म्हणाले, "मार किक." पॉईंट उघडताना तिथे निळसर-पांढरी ठिणगी चटचट उडत होती. कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी. पॉईंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि कॉईलमधला करंट झटकन तुटावा, एवढंच तिचं काम. ती गरम झाल्यावर आतून निकामी होत होती, गार झाली की परत शहाणी.

"काढलेला जुना कुठाय?"

"टूलबॉक्समध्ये आहे, आबा."

"मग रडतोयस कशाला?"

एक स्क्रू, एक वायर. जुना लावला आणि थेट घरी आलो. तो अजून चालू आहे. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे: निघायच्या आधी पंधरा दिवस गाडीला पाना लावायचा नाही, आणि लावलाच तर काढलेली वस्तू फेकायची नाही.

आता तुमच्या गाडीचं. बारा वर्षांनी पहिला मोह होतो तो किक मारायचा. मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. मग प्लग काढलेलाच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवून बघायचं. मोकळं फिरलं तर निम्मी लढाई जिंकलात. अडकलं तर जोर करायचा नाही, आणखी तेल आणि आणखी दोन दिवस. जोराने पिस्टन सुटतो, पण बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा देऊन सुटतो.

क्लच प्लेटा नक्की चिकटलेल्या असणार. क्लच दाबून धरायचा आणि प्लग काढलेल्या अवस्थेत किक खाली न्यायची, सुटेपर्यंत. ही सवय पुढेही ठेवा, रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी दोनदा. नाहीतर पहिला गिअर टाकताना जो खाडकन आवाज येतो त्याने शेजारचे उठतात.

ऑइलचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे नवखे फसतात. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी लटकलेली नसते, क्रँककेसमध्येच एक कप्पा आहे. गाडी फार दिवस उभी राहिली की त्यातलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. मग तेल मोजायची काडी काढून बघाल तर तेल कमी दिसतं, तुम्ही वर ओतता, गाडी सुरू करता आणि सगळी गल्ली धुराने भरते. उभ्या गाडीचं तेल मोजायचंच नाही. चार-पाच किलोमीटर चालवून आणायची आणि मग मोजायचं. तुमच्या गाडीचं सगळं जुनं तेल काढून, फिल्टर धुऊन-बदलून २०डब्ल्यू५० भरा. सुरू झाल्यावर वर रॉकरकडे (इंजिनाच्या डोक्यातल्या, व्हॉल्व दाबणाऱ्या पट्ट्यांकडे) जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट अर्धा आटा सैल करा. तिथून तेल पाझरलं पाहिजे. पाझरलं नाही तर लगेच बंद करा, पंप तेल चढवत नाहीये. हे बघितल्याशिवाय एक किलोमीटरही जायचं नाही.

टाकीत गंज असणारच. डिझेल आणि मूठभर जुने नट घालून खळखळून हलवायची, डिझेल स्वच्छ बाहेर येईपर्यंत तेच करायचं. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी बदला, ट्यूबसकट. वायरिंगमध्ये उंदरांनी संसार मांडलाय का ते पाहा. माझ्या मेहुण्याच्या गाडीत हेडलाइटच्या डोममध्ये घरटं निघालं होतं, चार पिल्लांसह.

किकचं एक तंत्र आहे, ताकदीचा संबंध नाही. चावी चालू केल्यावर हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपियरचा काटा बघा. किक हळू दाबत गेलात की काटा एका जागी डावीकडे झुकतो, म्हणजे पॉईंट मिटलेत. आणखी दाबलं की किक जड होते आणि काटा मध्यावर येतो. तिथे थांबायचं, डाव्या हाताने डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबायचा, किक बोटभर पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सबंध पाय खाली. धसमुसळेपणा केला तर किक उलटते. नडगीवर एकदा बसली की आयुष्यभर लक्षात राहते. माझ्या आहे.

तुम्ही आजची गाडी चालवत असाल तर पाय उलटे होणार. हिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. शांत रस्त्यावर जमतं, पण समोर कुत्रं आडवं आलं की उजवा पाय आपोआप खाली जातो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. म्हणून गोव्याच्या आधी हजारभर किलोमीटर घराभोवती काढा. कराड-पाटण-कोयनानगर करा, औंध करा, बाजाराच्या दिवशी गावातून न्या. पायांची सवयही होते आणि जे गळायचं, सैल व्हायचं ते घराजवळ होतं. ड्रम ब्रेकचं वेगळं सांगत नाही, पहिल्या उतारावर तुम्हीच पुढच्याशी अंतर वाढवाल.

वेगाचंही असंच. इंजिन ३४६ सीसीचं, पिस्टन ७० मिलिमीटरचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९०. एवढा लांब हेलपाटा घालणारा पिस्टन घाईला बनलेला नाही. साठ-पासष्टला ती दिवसभर कुरकुर न करता जाते, टपरीवर उतरलात तरी हात मुंग्यांनी भरलेले नसतात. ऐंशीच्या वर धरून ठेवली की नट सैल व्हायला लागतात आणि क्रँकचं आयुष्य कमी होतं. हायवेला ट्रक ओव्हरटेक करतील, करू द्या. आमच्या गटात सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे असते. येझदीवाले यावर रुसतात, पण त्यांचं काय, त्यांची किक तीच गिअरचा दांडा होते, माणसं मुळातच वेगळी.

सुट्या भागांची काळजी करू नका. मद्रासला १९५५ साली जुळणी सुरू झाली, पुढे रॉयल एनफिल्डचा इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, तरी इकडे बिडाचं तेच इंजिन किरकोळ फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. त्यामुळे १९८९ च्या गाडीला पार्ट मिळतात. पुण्यात आहात तर नाना पेठ आहेच, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे एखाद्याच्या सतरंजीवर जुन्या स्टॉकचा अस्सल पार्ट सापडतो आणि त्याच्याच शेजारी चकचकीत डब्यातला बोगस. चकचकीतला भुलू नका. पान्यांचंही बघा. तुमच्या गाडीवर बरेच नट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना "बसतो" पण घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. सुताच्या, म्हणजे इंची, मापाचे दोन-तीन पाने विकत घेऊन गाडीतच ठेवा.

स्वतःला येऊ द्यायची कामं तीन-चारच. पॉईंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना: पुशरॉड (व्हॉल्व उघडणारा उभा दांडा) दोन बोटांत धरून गोल फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. चेन ताणणं. आणि क्लच केबल. केबलची युक्ती आमच्यातल्या सगळ्यांनी केलीय. दुसरी नवीन केबल जुनीच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेवायची. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढायला नको. बाकी सोबत प्लग, पॉईंट, चेन लॉक, ट्यूब, फ्यूज आणि वायरचा तुकडा. इंजिन उघडायचं काम मात्र स्वतः करू नका. बुलेटमध्येच हात काळे केलेला एखादा म्हातारा मिस्त्री शोधा, तो तुमच्यासमोर काम करू देत असेल तर त्याचाच. माझे गेल्या वेळी बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग धरून सत्तावीस हजार गेले, त्यामुळे तीस हजारांचा आकडा चुकीचा नाही. पण त्यात किती रंग-क्रोम आणि किती इंजिन, ते लिहून घ्या. रंगाला पैसे शेवटी.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, त्यामुळे कारखान्याला ऊस घालणाऱ्याने कुठल्या तोंडाने तक्रार करायची. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरमधले रबरी भाग नवीन घाला. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाउलमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

कागदपत्रं खरंतर आधी सांगायला हवी होती. गाडीचं पासिंग संपलेलं असणार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, नमुना २५ भरून. त्यात पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची, पाटी आली. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फीच २ हजार झाली आहे. आरसी पुस्तकावर नाव वडिलांचं आहे. ते असतील तर त्यांच्या सहीने हस्तांतर करा. नसतील तर वारसाचा नमुना ३१. जुन्या पुस्तकावरची नोंद संगणकावर चढलेली नाही असंही निघू शकतं, मग दोन-चार खेपा जास्त. चेसिस आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतात का ते आजच बघा. कधीकाळी इंजिन बदललं असेल आणि नोंद नसेल, तर दुरुस्तीवर पैसा घालण्याआधी ते निस्तरा. आणि फटाके फोडणारा सायलेन्सर अजिबात लावू नका. पोलीस त्यावर रोडरोलर फिरवतात, आणि बरं करतात.

विकायचं म्हणाल तर चालू न करता विकलीत तर भंगारवाल्याच्या भावात जाईल. चालू करून, पासिंग करून मग ठरवा. त्या हजार किलोमीटरमध्ये तुम्हाला तिचा कंटाळा येतो की नाही हे कळेलच.

पुढच्या वेळी गावी गेलात की टाकीचं झाकण उघडून, मोबाइलची बॅटरी मारून आतला एक फोटो काढा आणि इथेच टाका. गंज किती आहे ते बघून नुसती धुवायची की वेगळं काही करावं लागेल ते सांगतो.