जुन्या घरात ६ अँपिअरच्या प्लगवर गिझर चालेल का?

प्रश्न पंचवटीतल्या जुन्या घरातल्या २५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या गिझरचा आहे. नाही, चालणार नाही. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ३ किलोवॅटला १३. नाशिकच्या थंडीत घरातले सगळे एकामागून एक आंघोळ करतात, गिझर तासभर सुरू राहतो आणि ६ अँपिअरचं सॉकेट आतून वितळतं.

घराच्या मुख्य बोर्डापासून (डीबी) गिझरसाठी स्वतंत्र लाइन ओढा: २.५ स्क्वेअर मिमी तांब्याची फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर). डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच (३ किलोवॅटलाही पुरतो), त्याआधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. बाथरूमबाहेर २० अँपिअरचा डीपी स्विच, कारण तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. सॉकेट १६ अँपिअरचं, शॉवरच्या शिंतोड्यांपासून दूर. टर्मिनलचे स्क्रू पक्के आवळा. प्लगची पिन काळी पडली असेल तर दोष बहुतेक तिथलाच.

सगळ्यात महत्त्वाची अर्थिंग. जुन्या वाड्यांत अनेकदा दोनच वायरी सापडतात. मग काही वायरमन सॉकेटमध्येच अर्थ न्यूट्रलला जोडून देतात. हे अजिबात करू देऊ नका! न्यूट्रल मध्ये कुठे तुटला की गिझरची टाकी, नळ, सगळ्यात करंट उतरतो. नळाच्या पाइपलाही अर्थ जोडू नका, मध्ये प्लास्टिकचा तुकडा असला की ती निकामी.

बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर क्षार चढतो, एलिमेंट तडकतो आणि करंटचं लीकेज सुरू होतं. आरसीसीबी वारंवार पडू लागला तर आधी एलिमेंट तपासा, आरसीसीबी काढून टाकू नका. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.